पिसाला लागलेला मासा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. भाचा रडत होता. "रडू नको, निघते मी," म्हटलं आणि श्रीरामपूरची एसटी धरली. नव्वदी ओलांडून, आदल्या रात्री स्वतःच्या हातानं जेवून, झोपेत गेली... यात रडण्यासारखं काही नाही. पण गल्लीच्या तोंडाशी तिच्या फोटोचा फलक होता, त्यावर 'सोशिक, प्रेमळ माऊली' वाचलं आणि मी तिथंच थांबले. प्रेमळ होती, ठीक आहे. सोशिक मात्र नव्हती. हे कुणीतरी लिहायला हवं, आणि ते डोळ्यांनी पाहिलेली आता मीच उरले आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. जमेल तसं लिहिते.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माझा भाऊ भंडारदऱ्याच्या धरणावर कामाला, आमचं घर पाण्याच्या कडेलाच. वहिनी नगरची, बाजरीच्या मुलखातली. भाताची आवणी तिनं कधी पाहिलीही नव्हती. चिखलात उभी राहिली की रोपं तिरकी, ओळ वाकडी. "बापानं हिला नुसतं जेवायला शिकवलंय," आई चार बायांत म्हणायची. हा बाप नगरच्या लष्करी कॅम्पात एका गोऱ्या साहेबाकडे कामाला होता. साहेबाला मासे धरायचा भारी नाद. लढाईवर जाताना त्यानं आपली गळाची काठी, दोरीच्या फिरकीसकट, याला दिली. याला मुलगा नव्हता. यानं ती लेकीला दिली आणि कशी वापरायची तेही शिकवलं. लग्नात हंड्या-कळशांबरोबर ती काठी आमच्या घरी आली. आईनं फिरकी कोनाड्यात टाकली आणि काठीवर वालाचा वेल चढवला.

दसरा होऊन गेला होता. देवीला बोललेला कोंबडा अंगणात फिरत होता, आणि एका सकाळी बघतो तर त्याची मान उघडी.

"पिसं कुनी काढली याची?" आईनं विचारलं.

"मी, आत्याबाई. गळाला बांधायची हायेत."

आईनं भडकून कोंबडा काखेत धरला. मग म्हणाली, "देवीच्या कोंबड्याला हात लावलास? उद्या माझा भाऊ येतोय. त्याच्यासंगं नगरला जायचं, आनि परत यायचं न्हाई." माझा भाऊ खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत बसला. अशा वेळी तो हेच करायचा. वहिनीनं ना रडून दाखवलं ना पाय धरले. दुपारी भांडी आवरली, काठीवरचा वेल हलक्या हातानं सोडवून कुडावर चढवला, कोनाड्यातली फिरकी काठीला बसवली आणि सगळ्या गावादेखत पाण्यावर गेली.

मी तिथंच बायांबरोबर धुणं धूत होते. ऊन स्वच्छ, धरण काठोकाठ, पलीकडं पिवळी पडलेली भातं. वहिनीनं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि खडकावर उभी राहिली. गळाला गांडूळ नाही, पीठ नाही. दोऱ्यानं करकचून बांधलेलं तांबूस पीस तेवढं. लांबून ते किड्यासारखं दिसायचं. काठी मागं गेली, दोरी डोक्यावरून लांब उलगडली, पुढं आली, आणि पीस पाण्यावर असं टेकलं की थेंब उडाला नाही.

"अगं नगरची, पाखरं हाकलती व्हय?" एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

वहिनीनं मागं पाहिलं नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा... एकदा पाणी फुटलं, पण गळ रिकामाच आला. तिनं पीस फुंकून सुकवलं आणि पुन्हा टाकलं. मग काठी एकदम वाकली. दोरी सरसरत आत ओढली गेली. "खेच की गं!" आता हसणाऱ्याच ओरडत होत्या. ती खेचेना. मासा पळाला की पळू द्यायची, थकला की गुंडाळायची, आणि हे करताना कमरेएवढ्या पाण्यात गेली. शेवटी पदरात धरून वर आणला. हाताएवढा लांब, सोनेरी खवल्यांचा. 

दारात आईसमोर मासा ठेवून म्हणाली, "उद्या मामांना जेवायला घाला. मग मला धाडायचं तर धाडा. काठी माझी हाय, ती मी नेनार."

आईनं मासा उलटापालटा करून पाहिला. "खवलं काढता येत्यात?"

"येत्यात."

"मग बस."

दुसऱ्या दिवशी मामा भरपूर जेवला आणि म्हणाला, "चला, निघायचं का पोरीला घेऊन?" आई म्हणाली, "तू एकटा जा. हिच्या बापाला सांग, दिवाळीला इकडं ये म्हनावं. लेकीनं काय केलं ते गावाच्या तोंडनं ऐकून जा." कोंबड्याचं काय, असं मामानं विचारलं. "देवीला सांगितलंय मी. पिसं कमी हायेत, कोंबडा तेवढाच हाय."

पुढं भाऊ-वहिनी श्रीरामपूरला राहायला गेले, वहिनी स्वतः सासू झाली. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला पहिल्या दिवशी एकच विचारायची, तुला काय येतं? काय येत नाही, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. नव्या नातसुनेला विचारायचं तेवढं राहून गेलं. तिच्या लग्नात वहिनी अंथरुणावरच होती.

तेराव्याला त्या पोरीला पुऱ्या लाटायला बसवलं होतं. पुरी गोल होईना, पाहुण्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. वहिनीच्या सुनेनं तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"राहू दे. तुला काय येतं ते सांग."

पोर हळूच म्हणाली, "ट्रॅक्टर येतो."

"मग पान्याचा टँकर घेऊन ये, पंगत बसायची हाय. चावी खिडकीत हाय."

बाया हसल्या. मी हसले नाही. बाहेर ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला.