जलील मास्तरांचा रामलिंगचा फेरा

येडशीचे जलील मास्तर स्वतः कॉलेजची पायरी चढले नव्हते. पण निजामाच्या त्या शेवटच्या वर्षांत आमच्या भागातली जी पोरं हैदराबादच्या कॉलेजात गेली, ती बहुतेक रामलिंगच्या रस्त्यानं गेली, असं मी म्हणतो. तिथलं शिक्षण उर्दूत, म्हणून आम्हाला प्रवेशासाठी स्वतःवर गुदरलेल्या एखाद्या प्रसंगाची हकीकत उर्दूत लिहायची होती. मास्तर ती बसून शिकवत नसत. कागद काढून घेत आणि म्हणत, चल रामलिंगला. स्टेशनापासून देवळापर्यंत जाऊन परत येईतो हकीकत सांगून झाली पाहिजे. देवळाआधीच संपली तर तिच्यात जीव नाही. स्टेशन आलं तरी चालूच असली तर फापटपसारा फार. त्या रस्त्यावर मास्तरांच्या किती वहाणा झिजल्या, ते त्यांच्या बायकोला, फरिदाबीलाच ठाऊक.

माझ्याबरोबर ढोकीचा बलभीम होता. हुशार, पण भिडस्त. त्यानं लिहून आणलेल्या हकीकतीत गुलाबांची बाग होती, कारंजं होतं. मास्तरांनी शांतपणे विचारलं, ढोकीत हे कुणाच्या वावरात आहे? हसायला मला तोंड नव्हतं, कारण माझ्याही हकीकतीत कारंजं होतं. पुस्तकातल्या उर्दूत तसंच असे. आपलं घर त्या भाषेत मावतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मास्तर म्हणाले, तुझ्या घरात काय झालं ते सांग. पण आमच्याकडे घरातलं बाहेर बोलत नाहीत, आणि बापाबद्दल तर त्याच्या माघारीसुद्धा नाही.

त्यात त्याच्या वडिलांना, आण्णासाहेबांना, कॉलेज मुळीच नको होतं. एकुलता एक पोरगा गेला तर शेत कोण बघणार? एका सकाळी ते त्याला घेऊन जायलाच आले. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं, पान दिलं आणि म्हणाले, आज याचा फेरा आहे, तुम्हीही चला, मग खुशाल न्या. मला वाटलं, संपलं, आता हा तोंड उघडत नाही.

मास्तरांनी आण्णासाहेबांना माझ्याबरोबर मागं ठेवलं. रस्ता झाडीत उतरला आणि बापाकडे पाठ असल्यामुळं की काय, बलभीम बोलू लागला. त्याची आई, मथुराबाई, वारली त्यानंतरची गोष्ट. पाहुणे पांगले होते, घरात बापलेक दोघंच. आण्णासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. तव्यावरच तिचे तुकडे झाले. करपलेले त्यांनी स्वतःकडे ओढले, बरे होते ते पोराच्या ताटात टाकले. माझ्या शेजारी आण्णासाहेब खाली मान घालून चालत होते. 

"पण मास्तर," बलभीम म्हणाला, "आई गेली तरी त्यांच्या डोळ्यातनं टिपूस आलं न्हाय."

देवळाच्या पायऱ्या आल्या होत्या. आण्णासाहेब थांबले. बापलेक समोरासमोर कधी बोललेच नव्हते, त्यामुळं ते मास्तरांकडे बघून म्हणाले, "त्याला सांगा मास्तर, म्या रडलो व्हतो. गोठ्यात जाऊन. हे बी लिव म्हणावं."

बलभीमनंही मास्तरांनाच विचारलं, "मग मला का न्हाय सांगितलं म्हणावं?"

"म्या रडताना दिसलो असतो, तर त्यानं कुणाकडं बघायचं व्हतं?"

 मास्तर परतीच्या वाटेला लागले.  स्टेशन दिसू लागलं तेव्हा आण्णासाहेबांनी मास्तरांना पुन्हा हाक मारली.

"हैदराबादला थंडी लई पडती का? घोंगडं घिऊन जा म्हणावं त्याला."