मांजरपाटाची पिशवी

सागाची सालपटं काही करत नाहीत, पायाखाली चुरचुरतात एवढंच. पण तोच साग मशीनवर कापला, वरून पॉलिश पेपर घासला की जी पावडर उडते, ती मेली नाकात, डोळ्यांत, चहाच्या कपात, कुठे म्हणून जायची राहत नाही. मी अंबरनाथच्या एका कंपनीत पॅटर्न शॉपला होतो. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचो. तिथे रोज प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गुळाने म्हणे छातीतला भुसा उतरतो. माझ्या बाजूच्या बाकावरच्या मिस्त्रीने वर्षानुवर्षं तो गूळ खाल्ला आणि शेवटी खोकत खोकतच गेला. त्याच्या घरी भेटायला माझी बायको माझ्याबरोबर आली होती. परत येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या कंपनीला टाळं लागलं. विठ्ठलवाडीला आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी कटर मशीन बसवलं, मागची स्वयंपाकाची. मध्ये पार्टिशन. देव्हारे, पाट, पोळपाट करायचो. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या दुकानांत माल जायचा. आम्ही बौद्ध, आमच्याकडे देव्हारा नाही. पण पोटाला काय, ते कुणाच्याही देवावर भरतं. वर्षभर बरं चाललं आणि मग मला खोकला लागला. तेव्हा मात्र बायको बोलली.

"त्या मिस्त्रीसारखं मी तुम्हाला जाऊ देणार नाही. धुळीचं काय ते बघा, नाहीतर लाकूड बंद."

लाकूड बंद म्हणजे खाणंपिणंच बंद. म्हणून बघायला लागलो.

पहिल्यांदा जमिनीवर पाणी शिंपडून बघितलं. धूळ बसली, पण भुसा ओला झाला, आणि आमचा स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून त्या भोकातून पेटवायची. सुका भुसा असला की दोन वेळचं निघतं. ओला नुसता धुमसतो. चार दिवस घरभर धूर खाऊन तो प्रयोग बंद केला. मग भिंतीला भोक पाडून एक्झॉस्ट पंखा लावला. समोरची सिंधी बाई गल्लीत खाटेवर पापड वाळत घालायची. माझा सगळा साग तिच्या पापडांवर. बाई भांडली नाही हो. एक पापड भाजून घेऊन आली आणि म्हणाली, खाके देखो. दाताखाली कचकच लागली. त्याच संध्याकाळी पंखा उतरवला.

शेवटी उल्हासनगर कॅम्पातल्या एका जुन्या मशीनवाल्याकडे ब्लोअर सापडला. एका तोंडाने भुसा ओढायचा, दुसऱ्या तोंडाने कापडी पिशवीत टाकायचा. पिशवी बायकोने आपल्या शिलाई मशीनवर शिवली, जाड कॅनव्हासची. दोन दिवसांत ती तुंबली, ओढ गेली, मोटर तापायला लागली. मशीनवाला म्हणाला, "साईं, कपडा पतला डालो, हवा पास होनी चाहिए." मला पटलं. मांजरपाट मीच आणला. तिने पुन्हा शिवली, दुहेरी शिलाई घालून. आता माझ्या बाजूला फळ्या ठेवून जागा उरत नव्हती, म्हणून पार्टिशनला भोक पाडून पिशवी मागच्या खोलीत टांगली. ती म्हणाली, बरं झालं, शेगडीला भुसा हाताशी राहील. रोज सकाळी तीच पिशवी सोडायची, उलटी करून झटकायची आणि शेगडी भरायची.

मशीन सुरू झालं की पिशवी टम्म फुगायची. माझी खोली अशी झाली की जमिनीवर बसून जेवावं. दोन महिन्यांत खोकला गेला. मी काय उड्या मारत होतो! येणाऱ्याजाणाऱ्याला धरून मशीन दाखवायचो. मागे जाऊन बघावं असं मात्र माझ्या टाळक्यात आलं नाही.

ती डबे दिवसातून दोनदा पुसायला लागली. एकदा म्हणाली, डब्यांवर रोज पीठ बसतं. आमच्या मागे चक्की होती. मी म्हटलं, चक्कीचं असेल.

"पिठाला सागाचा वास येतो का हो?"

मी कामात होतो. माझं डोकं तसंच तापट. तुझ्याच हट्टाने मशीन आणलं आणि आता तूच नावं ठेव, असं काहीबाही बोललो आणि बटण दाबलं. मशीनच्या आवाजात ती पुढे काही म्हणाली की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. काढला असता तरी मी ऐकलं असतं, असं खोटं सांगणार नाही.

तीन-चार वर्षांनी तिला दम लागायला लागला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं शेगडीचा धूर. मग टीबी म्हणून थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. नळावरून हंडा आणताना वाटेत दोनदा टेकायची. शेवटी उल्हासनगरात छातीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने विचारलं, घरात लाकडाचं काम कोण करतं? मी म्हटलं, मी. त्याने आधी माझीच छाती तपासली, फोटो काढायला लावला. मग तिची तपासली आणि मशीनचं सगळं विचारून घेतलं: पिशवी कशाची, कुठे टांगलीय, कोण झटकतं. मी सांगत गेलो, आणि सांगता सांगताच मला कळत गेलं.

"तुमची छाती साफ आहे," तो म्हणाला. "जाडा भुसा पिशवीत राहतो. बारीक, डोळ्यांना दिसत नाही तो, कापडातून बाहेर येतो. तो सगळा यांनी घेतलाय. आता हे भरून येणार नाही."

मला वर बघवेना. वाटलं, ही आता बोलेल, चार लोकांत माझी अब्रू काढेल. काढायलाच हवी होती. ती खुर्चीवर पुढे सरकली, दम खाल्ला आणि डॉक्टरला म्हणाली, "यांची नक्की साफ आहे ना? नीट बघितलंत ना?"

डॉक्टर हो म्हणाला. तिने तो फोटो उजेडाकडे धरून स्वतःही बघितला, तिला त्यातलं काही कळत नव्हतं तरी. मग माझ्याकडे बघून हसली. टोमणा नव्हता त्यात. खरंच खूश होती.

कटर, ब्लोअर, सगळं त्या दिवशीच उपटलं. ती पुढे दीड वर्षं होती. माझा खोकला परत कधी आला नाही, आणि आजही कुणी डॉक्टर छाती साफ आहे म्हणाला की मला लाज वाटते.