घडीवर कापलेलं टेबल

टेबलाचं काय करायचं हे ठरवताना काकूंना कोणी विचारलं नाही. ठरल्यावर सांगितलं. आता बोला! टेबल काकूंचं, त्यावर घाम गाळला काकूंनी, आणि निकाल लावून मोकळे झाले मुलगा आणि सून.

सगळी इमारत त्यांना कात्रीकाकू म्हणायची. हातात सदा कात्री, आणि जीभही तिच्याच जातीची. नवरा लवकर गेला. तेव्हापासून गणवेश, फ्रॉक, पँट, कोट, जे येईल ते या बाईने बेतलं आणि शिवलं. मुलगा त्या टेबलाखाली रांगला, चिंध्यांशी खेळला, टेबलाच्या कडेला वही टेकवून शिकला आणि साहेब झाला. साहेब झाल्यावर त्याला टेबल अडचणीचं वाटू लागलं.

झालं असं, की घरमालकाने फ्लॅट विकायला काढला आणि यांना दुसरं भाड्याचं घर बघावं लागलं. नवं घर एका खोलीने लहान. त्यात सोफा बसत होता, टीव्हीचं कपाट बसत होतं. व्यायामाची सायकल, जिच्यावर टॉवेल वाळत घालण्यापलीकडे कोणी कसला व्यायाम केला नव्हता, तीसुद्धा बसत होती. बसत नव्हतं ते फक्त कटिंगचं टेबल.

“आई, टेबलासाठी स्टोरेज घेऊ या,” मुलगा म्हणाला. “सामान ठेवायला खोल्या मिळतात हल्ली भाड्याने. मोठ्या रस्त्याला अख्खी इमारत आहे तसल्या खोल्यांची.”

“म्हणजे आपण भाड्याच्या घरात, आणि टेबलालाही भाड्याचं घर? धन्य आहे!”

“अगं, स्वतंत्र खोली मिळतेय तुझ्या टेबलाला.”

काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली. स्वतंत्र खोली! जन्मात त्यांना स्वतःची अशी खोली मिळाली नव्हती. सकाळी डबा घेऊन बसने जायचं, दिवसभर कापायचं, संध्याकाळी दाराला कुलूप लावून परत यायचं. वाईट काय आहे त्यात? उलट ‘आई, पसारा आवर’ म्हणणारं तिथे कोणी नसेल.

“उजेड बघून घे हं,” त्या म्हणाल्या. “आणि इस्त्रीला प्लग लागेल.”

“हो गं,” मुलगा म्हणाला. मान मोबाइलमध्येच. “तू टेबलाचं माप तेवढं दे.”

आकडे सांगत बसायची काकूंना सवय नाही. त्यांनी वर्तमानपत्रं एकाला एक चिकटवली, एका कडेला निळ्या खडूची ठसठशीत रेघ ओढली आणि माप कापून त्याच्या हातात दिलं. “नीट बघून घे,” एवढंच म्हणाल्या. तो कागद घेऊन मुलगा सुट्टीच्या दिवशी गेला, खोल्या पाहिल्या, जमिनीवर कागद पसरला आणि सगळ्यात लहान खोली पसंत करून आला. स्वारी खुशीत होती. केवढी अक्कल चालवली म्हणून सूनबाईंनीही कौतुक केलं.

घर बदलायच्या दिवशी टेंपो आधी स्टोरेजला गेला. काकू पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. गळ्यात टेप, पिशवीत कात्री, खडू, इस्त्री आणि डबा.

इमारत आतून बघून त्यांचा जीव दडपला. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना पत्र्याची शटरं, खिडकी औषधालाही नाही. माणूस हलला की दिवा लागायचा आणि थांबला की विझायचा. मॅनेजरने शटर वर केलं. हमालांनी टेबल आडवं लावून पाहिलं, उभं लावून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. टेबल काही आत जाईना.

“असं कसं होईल?” मुलाने खिशातून कागद काढून आत पसरला. कागद छान बसला, वर जागाही उरली. “आई, तू माप चुकीचं दिलंस!”

तेही चारचौघांत! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर कोणाच्या बाहीत बोटभर फरक पडला नव्हता.

“दुसरं युनिट घ्या मोठं,” मॅनेजर म्हणाला. “नाहीतर टेबल मधोमध कापून टाका. हल्ली फोल्डिंगचीच चलती आहे.”

“कापायचं कसं ते तुम्ही मला शिकवू नका,” काकू कडाडल्या. “आणि आधी हे सांगा, इथे इस्त्रीचा प्लग कुठे आहे? मी बसणार कुठे?”

“बसणार?” मॅनेजर हसला. “काकू, इथे माणसांनी बसायचं नसतं. सामान ठेवायचं, कुलूप लावायचं आणि जायचं. नियम आहे. साहेबांना सांगितलंय मी सगळं.”

काकूंनी मुलाकडे पाहिलं. तो शटरचं कुलूप न्याहाळत होता, जसं काही जन्मात कुलूप पाहिलं नव्हतं.

“तुला माहीत होतं?”

“आई, आता या वयात कशाला मरमर करतेस? आम्ही आहोत ना. आराम कर.”

म्हणजे टेबलाला खोली मिळत नव्हती, टेबलाला कोंडत होते. आणि टेबलाबरोबर काकूंनाही सोफ्याच्या एका टोकाला बसवून ठेवणार होते, रिमोट हातात देऊन. हे सरळ तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून स्वतंत्र खोलीचं गाजर! कोणीच हललं नाही, तसा बोळातला दिवा विझला. काकूंनी रागाने हात झटकला तेव्हा पुन्हा लागला.

“तो कागद उचल,” त्या म्हणाल्या. “ही निळी रेघ कसली आहे?”

“कसली?”

“ही घडी आहे, घडी! शर्टाची पाठ असो, फ्रॉकचा पुढचा भाग असो, कागद अर्धाच कापतात आणि कापडाच्या घडीवर ठेवतात. उलगडलं की अख्खं. तुझा पहिला शर्ट असाच कापला, लग्नातला कोट असाच कापला. तुझ्या डोळ्यांसमोर, तुझ्या डोक्यावरच्या टेबलावर! आणि तुला साधं एवढं माहीत नाही? बरं, कागदाचं सोड. ज्याच्याखाली वाढलास ते टेबल केवढं आहे, हेही कागदाला विचारावं लागलं तुला?”

साहेब कागद उलटसुलट करून बघू लागले.

“रेघेवर कागद उलटा कर आणि दुसरी बाजू आखून घे. हा घे खडू.”

तो बोळात गुडघ्यांवर बसला. आधी एक बाजू आखली, मग कागद उलटून दुसरी. दुसरी बाजू समोरच्या शटरखाली जाऊन टेकली. तेवढ्या मोठ्या आकाराच्या मध्ये तो खडू धरून बसून राहिला. हमाल बघत होते, मॅनेजर बघत होता. उठायचं त्याला सुचेना.

“आई, चुकलं माझं,” तो शेवटी म्हणाला.

“चुकलं नाही. तू बघितलंच नाहीस कधी,” काकू म्हणाल्या आणि हमालांकडे वळल्या. “टेबल परत टेंपोत चढवा. नव्या घरी, खिडकीपाशी.”

“मग सोफा कुठे ठेवायचा?”

“एवढी खोली पसंत केली आहेस ना? स्वतंत्र!”

संध्याकाळी नव्या घरात खिडकीपाशी टेबल लागलं. सूनबाईंचं तोंड फुगलं होतं, पण सासूबाईंचा अवतार पाहून त्या काही बोलल्या नाहीत. काकूंनी मुलाच्या हातात वर्तमानपत्र आणि कात्री दिली आणि स्टोरेजमध्ये ठेवायच्या सोफ्याचं माप कापायला बसवलं. त्याने न सांगता कागद अर्धाच कापला आणि कडेला निळी रेघ ओढली. रेघ वाकडी होती. काकूंनी ती पुसली आणि त्याला पुन्हा ओढायला लावली.