बांडी गाईचं टेशन

आमची मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीत घरी आली की गोठ्यातला रेडिओ तिच्या डोळ्यांत खुपतो. परवाच म्हणाली, "आई, हे अमुक केंद्र आहे, तमुक केंद्र आहे, असं अजून कशाला सांगत बसतात गं? फोनवर गाणं लावलं की लागतं. ते कुठनं येतंय, कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "बांडीला विचार."

ती हसली. आईचा नेहमीचा टोमणा, असं तिला वाटलं असणार. पण मी खरंच सांगत होते.

बांडी म्हणजे आमची गाय. अंगावर काळे-पांढरे मोठे पट्टे, स्वभावाने नखरेल. आमची वस्ती राहात्याजवळ, वाटेला लागूनच गोठा, आणि तिथल्या खुंटीला माझ्या सासऱ्यांचा रेडिओ. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. धार काढायचं काम पहिल्यापासून त्यांचंच, आणि त्यांची एक रीत होती. कास धुवायची, पुढ्यात पेंड ठेवायची, रेडिओ लावायचा आणि गप बसून राहायचं. केंद्र सुरू होण्याची ती धून वाजली, मग रेडिओवरच्या बाईनं केंद्राचं नाव सांगितलं, की बांडीच्या कुशीला कपाळ टेकवून मामा काहीतरी पुटपुटायचे आणि धारेला हात घालायचे. देवाचं नाव घेत असतील, असं मला वाटायचं.

खोटं कशाला बोलू, मला या सगळ्याचा राग यायचा. डेरीवर दूध घालायची घाई, चुलीवर चहा उतू जातोय, आणि आमचे मामा केंद्राची वाट बघत बसलेत! मी म्हणायची, "मामा, त्या केंद्राच्या नावापायी अडलंय का तुमचं?" ते म्हणायचे, "टेशन बोलल्याबिगर बांडी पान्हा सोडत न्हाई. तुला सांगून कळायचं न्हाई."

मध्यंतरी आमच्या नगर जिल्ह्याचं नाव बदललं. एसटीच्या पाट्या बदलल्या, रेडिओवरची बाईही नवं नाव घेऊ लागली. मी मुद्दाम विचारलं, "मामा, आता टेशन बदललं, बांडीला चालंल का?" मामांच्या तोंडी आधीही नगर होतं आणि आताही नगरच. ते म्हणाले, "आवाज त्योच हाय. मंग टेशन बी त्येच." बांडीनंही त्या दिवशी नेहमीएवढंच दूध दिलं.

गेल्या हिवाळ्यात मामा गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरले. उजवं मनगट मोडलं, आणि धरायला म्हणून खुंटीला हात घातला तर रेडिओही खाली आला. मामांना प्लास्टर पडलं. रेडिओ मुका झाला. धारा माझ्या गळ्यात आल्या.

मी म्हटलं, त्यात काय एवढं. नवऱ्यानं फोनवर तेच केंद्र लावून फोन खुंटीला अडकवला. तीच धून, तीच बाई, आवाज उलट जास्तच स्वच्छ. बांडीनं पेंड खाल्ली, माझ्याकडे एकदा वळून बघितलं आणि पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कास दगडासारखी झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेवढ्यापुरती ती मोकळी झाली. पण रोज रोज हे चालायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी बांडीला नाही नाही ते बोलले. माझ्या हाताला काय काटे होते?

खाटेवरून मामा म्हणाले, "फोनात काय दम हाय? माजा रेडिओ नीट करून आना."

नवरा राहात्याला जाऊन रेडिओ दुरुस्त करून घेऊन आला. खरखर होती, पण केंद्र लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धून वाजली, बाई बोलली, आणि बांडी रवंथ करत उभी. थेंब नाही.

नवरा घरात येऊन म्हणाला, "इकून टाकू. कास खराब झाल्यावर कोन घेईल? उद्या व्यापाऱ्याला बोलवतो."

त्याचं चुकत नव्हतं. पण खाटेवर मामांनी ते ऐकलं. म्हणाले, "इका. मला तरी ठिवून काय करता? हात तर गेला." आणि भिंतीकडे तोंड केलं. हा माणूस कधी असं बोलला नव्हता. गाय गेली की हे उठायचे नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. तिला काय झालंय ते मात्र कळेना.

दुसऱ्या दिवशी व्यापारी यायचा होता. मी शेवटचं म्हणून कास धुऊन बसले. रेडिओ सवयीनं लावला. तेवढ्यात गळ्यात हात अडकवून मामा गोठ्यात आले. पडल्यापासून ते पहिल्यांदाच तिकडे येत होते. निरोप घ्यायलाच आले होते ते. घमेलं पालथं घालून त्यावर बसले, बांडीच्या कुशीला कपाळ टेकवलं. धून वाजली. बाईनं केंद्राचं नाव सांगितलं. आणि तिच्या मागोमाग मामा, हाय-न्हाई करणारे आमचे मामा, अगदी तिच्यासारखं शुद्ध, सावकाश म्हणाले, "हे नगर केंद्र आहे. सकाळच्या सभेत आपलं स्वागत."

माझ्या बोटांत सड एकदम भरून आले. बादलीत चर्र चर्र धार वाजायला लागली. मी तोंड उघडं टाकून मामांकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते पुटपुटत होते ते हे! देवाचं नाव नव्हे, केंद्राचं. आणि बांडी रेडिओ ऐकतच नव्हती. तिचं टेशन कुशीला टेकून बसायचं.

"अगं काढ की, बघतीस काय!" मामा ओरडले. किती दिवसांनी ओरडले! मला रडूही आलं आणि हसूही.

व्यापारी आला, त्याच दुधाचा चहा पिऊन गेला.

मामांचं मनगट जुळलं, पण मुठीत पहिला जोर नाही. म्हणून आता धार मी काढते आणि केंद्राचं नाव ते सांगतात. सोबत रेडिओ लागतोच. बाई बोलल्याशिवाय ते बोलत नाहीत, तो त्यांचा मान आहे म्हणे. आता मला त्याचा राग येत नाही. उलट चहा खाली उतरवून ठेवूनच मी गोठ्यात जाते.

हे सगळं मी मुलीला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन गोठ्यात हजर. बाहेर कडाक्याची थंडी, मामांना खोकला. ती म्हणाली, "आजोबा, तुमचा आवाज फोनमध्ये भरून घेते. मग आई तो लावंल, तुम्ही खुशाल झोपा."

मामांनी घोंगडी सारखी केली. "भरून ठिव," म्हणाले. "माज्या मागारी बांडीला लागंल. आज मी हाय की."

मुलीनं फोन खिशात टाकला आणि आजोबांना टेकून बसली. रेडिओवर धून सुरू झाली होती. मी बादली पुढे ओढली आणि आमचं केंद्र बोलायची वाट बघत बसले.