गव्हाळ झालं की सांग

"धार लावून द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं अवजार माझे सासरे हातातसुद्धा घेत नसत. म्हणायचे, "शेवटू का पाजवू, ते सांग. शेवटायचं म्हंजी तापवून ठोकायचं, पाजवायचं म्हंजी दगडावर घासायचं. नुसतं धार लाव म्हटल्यावर मी काय समजू?" लोक वैतागायचे. सगळ्यांत जास्त वैतागायची मी, कारण उंब्रजच्या आमच्या लोहारशाळेत भाता आणि घण माझ्याकडं होते.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. नवरा पलटणीबरोबर परमुलखात. लोहाराच्या घरात घण बाईच मारते, त्याचं कुणाला नवल नाही. सांडशी धरील तो कामाचा मुख्य. तो लहान हातोडी जिथं वाजवील तिथं मागोमाग घण घालायचा. घण ठेवला की चूल, चूल विझली की पुन्हा घण. जीव मेटाकुटीला यायचा. त्यात चुकून "पाणी मारू का" म्हटलं, की मामंजी काम थांबवायचे. "पाणी रस्त्यावर मारत्यात, धूळ बसाया. लोखंडाला पाणी देत्यात. आन् दिल्यालं पाणी उतरवायचं, ते येगळंच." मी मनात म्हणायची, म्हाताऱ्याला दम लागत नाही का बोलून बोलून?

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उभा जन्म जाळाकडं बघण्यात गेलेला. माणूस दिसे, ऐरण दिसे, पण लोखंडावरचा रंग कळेना. आणि आमचं घर चालायचं ते धोंडी पाथरवटाच्या टाक्यांवर. विहिरीचा दगड फोडायच्या त्या छिन्न्या. टाकीला पाणी दिलं, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवलं, की ती कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पाणी थोडं उतरवायचं, टोक घासून बघत राहायचं. मागच्या धगीनं त्यावर रंग चढत जातात, नेमका रंग आला की पुन्हा बुडवायची. घाई केली तर दगडावर टवका उडतो, उशीर केला तर टोक मुडपतं. टाक्या बिघडल्या की धोंडी कराडच्या लोहाराची वाट धरणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"तू बघ, आन् गव्हाळ झालं की हळूच सांग," मामंजी म्हणाले. मी पहिल्या दिवशी "पिवळं" म्हटलं, तर म्हणाले, "हळदीवाणी का गव्हावाणी?" फिकट, गव्हाळ, तांबूस, जांभळं, असे रंग त्यांनी माझ्याकडून घोकून घेतले. दंड भरून आलेले असताना ही शाळा अगदी नकोशी व्हायची. पण त्या दिवसांत बिघडली म्हणून एकही टाकी परत आली नाही.

एका दुपारी धोंडी समोरच बसून राहिला. माझं पुटपुटणं त्याच्या कानावर गेलं. घण मारणारी बाई मधे मधे काय सांगते, असं त्यानं विचारलं. मला वाटलं, संपलं आता.

मामंजींनी काही लपवलं नाही. "मला रंग दिसत न्हाई, धोंडी. पावसाळ्यापासनं तुझ्या टाक्यांचं पाणी हीच उतरवती. मी नुसती सांडशी धरतो."

धोंडी टाकी हातात फिरवत राहिला. टाक्या चांगल्याच होत्या, ते त्यानं कबूल केलं. पण बाईनं केलेली टाकी म्हटल्यावर त्याची माणसं हात लावायची नाहीत, आधीच विहिरीत जिवाची भीती, असंही म्हणाला.

मामंजी उठले. सांडशी आणि हातोडी माझ्या हातात दिली आणि भिंतीला टेकवलेला घण उचलला. "मग त्यास्नी सांग, घण लोहारानं मारलाय," ते म्हणाले. सासरा सुनेच्या हाताखाली घण मारतोय, असं आमच्या जातीत कुणी पाहिलेलं नव्हतं. धोंडीनं मान खाली घातली आणि उरलेल्या टाक्या माझ्यापुढं सरकवल्या.

मी जाळातली टाकी ऐरणीवर घेतली. हातोडी वाजवली. त्या थकलेल्या हातांनी घण घातला आणि मला रडूच फुटलं.

"रडू नगंस, पोरी," मामंजी म्हणाले. "तुजं डोळं भरलं तर आता रंग कोण बघणार?"