यमुनाबाईंचं राहून गेलेलं लग्न

“लग्न कधी झालं?”

“नाय झालं,” यमुनाबाई म्हणाल्या आणि माझं पेन थांबलं. दावा विधवेचा, आणि लग्नच नाही!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नाशिकच्या कोर्टात माझी वकिली तेव्हा नुकती रांगायला लागली होती. यमुनाबाई पेठकडच्या डोंगरातल्या. नवरा लहानू वारला आणि धाकटा दीर काशिनाथ म्हणाला, तू ठेवलेली बाई, घरातून निघ, भाताच्या शेतावर तुझा हक्क नाही.

मी बावळटासारखी फोटो, पत्रिका, भटजी शोधत बसले. शेवटी त्यांनीच मला समजावलं. “आमच्यात तसंच असतं, बाई. पंचांपुढं बोलणी झाली की नांदायला लागायचं. मांडवाची ऐपत आली की लगीन. कुणाकुणाचं तर पोरांच्या मांडवात होतं. आमचं राहूनच गेलं.”

“हे कोर्टात सांगू नका,” माझे सीनियर म्हणाले. “विधी झाला नाही म्हटलं की केस संपली.”

“मंग खोटं बोलू? मालक गेल्यावर, त्यांच्या मागं?” यमुनाबाईंनी विचारलं. त्या क्षणी मला त्या फार आवडल्या.

आम्ही खरं तेच मांडलं. कायदा सोपा करून सांगते. समाजाची रूढी तशी असेल, नवरा-बायको म्हणून राहायचा दोघांचा इरादा असेल आणि वर्षानुवर्षं वागणंही तसंच असेल, तर कोर्ट ते लग्न मानू शकतं. आता इरादा काही कुणाच्या पोटात शिरून बघता येत नाही. तो वागण्यातूनच दाखवावा लागतो.

काशिनाथ साक्षीला उभा राहिला. उलटतपासणीत मी विचारलं, “तुमच्या लग्नात पहिली हळद कोणी लावली?”

त्याने यमुनाबाईंकडे पाहिलं.

“सांगा.”

“हिनं.”

“तुमच्यात पहिली हळद कोण लावतं?”

“थोरली भावजय.” त्याची मान खाली गेली. “आय नव्हती मला. हिनंच केलं समदं.”

हे शेवटचं मी विचारलंच नव्हतं. सीनियरनी फायलीत डोकं घातलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, लहानूची पत्नी म्हणून त्यांचं नाव चढणार होतं. मी हौसेने पेढे घेऊन आले, तर यमुनाबाई कोर्टाच्या जिन्यापाशी काशिनाथवर ओरडत होत्या. “सकाळपासून उपाशी हायेस ना? टेक खाली. आधी भाकर खा.” तो मुकाट्याने खाली बसला.

तेव्हापासून नात्याची केस आली की कागद मी नंतर मागते. आधी विचारते, घरात कुणाचं कोण करतं? कायद्याच्या पुस्तकात हा प्रश्न नाही, पण बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.