डिस्कसपुढची जागा

वही हातात आली की सर ती आधी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे. कुठं खोडलंय का, शेजारच्याचं बघून फिरवलंय का, ते तपासायचे. मग चष्म्यावरनं बघत विचारायचे, "कशावरनं?"

उत्तर बरोबर असलं तरी हेच.

"सर, डिपेंडपुढं ऑन येतं."

"कशावरनं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक छापणारा काय देव हाय?"

शहरात विश्रामबागेच्या भागात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांचा इंग्रजीचा क्लास होता. पलटणीत कारकुनी करून आलेले. इंग्रजी क्रियापदापुढं ऑन लावायचं, टू लावायचं, विथ लावायचं की काहीच नाही, एवढ्यावर ते महिना घालवायचे. "मोठं शब्द समदी शिकत्यात. माणूस सापडतो तो बारक्या शब्दात," म्हणायचे. सापडतो म्हणजे चोर सापडतो तसा.

मला हा माणूस पटत नव्हता. तुम्हालाही पटला नसता. माझ्या वडिलांचं उंब्रजला हायवेवर पंक्चरचं दुकान; आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. आणि हे मला शिकवणार? एकदा तोंडावर विचारलं, "सर, तुमचं शिक्षण किती?"

"धावी. तुझं?"

"बी.ए."

"कशावरनं?"

दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट घेऊन गेले. त्यांनी तेही उजेडात धरलं.

सकाळच्या लहान मुलांच्या बॅचला शिकवायला कुणीतरी हवं होतं. ते काम मला हवंच होतं. नाहीतर इथली भाड्याची खोली सोडून उंब्रजला परत, आणि घरी स्थळं बघणं सुरू झालेलं. सरांनी परीक्षा ठेवली. पंचवीस वाक्यं, प्रत्येकात क्रियापदापुढं रिकामी जागा. डिस्कसपुढं बाकी सगळ्यांनी अबाउट भरलं. आपण मराठीत एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो ना, म्हणून. खरं तर तिथं काहीच येत नाही. माझी एकटीची जागा रिकामी.

सर वही घेऊन खिडकीपाशी गेले. "हितं का न्हाई लिहिलंस?"

"तिथं काही लागत नाही, सर."

"कशावरनं?"

"मला माहीत आहे."

ते खोटं होतं. अबाउट की ऑन, ठरेना. म्हणून तसंच सोडलं होतं.

बॅच मला मिळाली. पण आठ दिवस सर शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. पाठीवर ती नजर घेऊन मी फळ्यावर लिहायची. आठव्या दिवशी राहवेना. मुलं गेल्यावर म्हटलं, "सर, ते डिस्कसचं मला येत नव्हतं."

"ठावं हाय."

"मग बॅच का दिलीत?"

"बाकीच्यांनी अंदाजानं ठोकून दिलं. तू अंदाज ठोकला न्हाईस." मग बाकावरनं उठत म्हणाले, "पर खोटं बोललीस. म्हणून मागं बसलो. आता न्हाई बसत."

आणि खरंच, त्या बाकावर ते परत कधी बसले नाहीत.

आता सर नाहीत. क्लास मी चालवते. परवा फळ्यावर एक वाक्य लिहिलं, क्रियापदापुढं टू लावला आणि सवयीनं शेवटच्या बाकाकडं बघितलं. तिथं बसलेली मुलगी उभी राहिली. "मॅडम, कशावरनं?"

तिनं सरांना पाहिलेलंही नाही. माझ्याकडूनच उचललं असणार.

अंदाजच ठोकला होता मी. टू पुसला. तेवढी जागा रिकामी ठेवली, आणि खडू खाली ठेवला.